पेन्सिल्वेनियाची पाटी

मार्चच्या शेवटी एका दुपारी कॉलेजातून घरी आलो, तर टेबलावर एक पार्सल होतं. पाठवणाऱ्याच्या जागी अण्णाचं नाव. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. गेली बावीस वर्षं तो अमेरिकेत, पेन्सिल्वेनिया राज्यात असतो. माझी बायको धारवाडकडची, तिची भाषा कन्नड आणि माझी मराठी. पण थोरल्या भावाला ‘अण्णा’ म्हणायचं हे दोन्ही भाषांत सारखंच, त्यामुळे घरात या एका नात्याचं भाषांतर कधी करावं लागलं नाही. मुलगा मात्र त्याला आईच्या वळणानं दोड्डप्पा म्हणतो.

पार्सल बघून आनंद व्हायला हवा होता. मी ते तासभर तसंच ठेवलं. कारण तीन-चार वर्षं आम्हा भावांचं धड बोलणं नव्हतं. दसऱ्या-दिवाळीला मोबाईलवर शुभेच्छांचं एक चित्र तिकडून यायचं, एक इकडून जायचं. एवढंच.

शेवटी मुलानंच ते फोडलं. आतून तळहातावर मावेल एवढी गोल लाकडी डबी निघाली. सावंतवाडीच्या बाजारात कुंकवाचे करंडे मिळतात, तशी कातलेली. पण तिला झाकण नव्हतं. झाकणाच्या जागी काळ्या दगडाची गोल चकती पक्की बसवलेली, आणि तळाला ओळीनं बारीक भोकं. सोबत एक वीतभर लाकडी काडी, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळती. मुलानं ती काडी चकतीवर टेकवून ओढली आणि असा काही आवाज झाला की स्वयंपाकघरातून बायको ओरडली, “कोण पाटीवर खरडतंय?”

तिनं न बघता बरोबर ओळखलं होतं. ती पाटीच होती.

डबीबरोबर एक चिठ्ठी होती. अण्णाच्या शेजारचे एक निवृत्त गृहस्थ गॅरेजमध्ये लाकडाच्या लेथवर अशा डब्या करतात. त्यांनी अण्णाला शिकवलं आणि ही त्यानं स्वतः केलेली पहिली. खाली एकच ओळ वेगळी लिहिलेली होती: ‘बाबांच्या लेथवर झाली असती तर यापेक्षा चांगली झाली असती.’

ती ओळ मी दोनदा वाचली आणि चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. बायकोला दाखवली नाही.

ही डबी कशासाठी असते, ते आधी सांगतो. अमेरिकेच्या जंगलात टर्की नावाचा मोठा पक्षी असतो. वसंतात नर पिसारा फुलवून खर्जात ओरडतो आणि मादी त्या आवाजाच्या रोखानं त्याच्याकडे जाते. शिकारी झाडाला पाठ लावून बसतो आणि या पाटीवर काडी घासून मादीचा आवाज काढतो. नराला वाटतं, मादी जवळच आहे पण येत नाही, म्हणून तोच चालत येतो. हे कळल्यावर बायको म्हणाली, “हक्किगे मोस माडोदा?” म्हणजे पाखराला फसवायचं? अण्णा शिकार करत नाही, तो फक्त लाकूड कातायला शिकतोय, असं मी तिला समजावलं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदीच आहे. तिकडे परवाना, हंगाम आणि संख्येची मर्यादा असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जंगलतोड आणि बेसुमार शिकार यांमुळे हा पक्षी तिथल्या अनेक राज्यांतून नाहीसा झाला होता. पुढे पकडून नव्या जंगलांत सोडण्याचे प्रयत्न झाले आणि आज ते पुन्हा लाखांनी आहेत. आवाज काढायची साधनंही जुनीच आहेत. आर्कान्सा राज्यातल्या हेन्री गिब्सन या माणसानं लाकडी पेटीच्या भोंग्याचं पेटंट १८९७ साली घेतलं होतं.

आपल्या बाजूलाही या पक्ष्याची एक गंमत आहे. पोर्तुगीज भाषेत टर्कीला ‘पेरू’ म्हणतात. १६१२ साली जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रब खान गोव्याहून काही अपूर्व प्राणी-पक्षी घेऊन गेला, त्यांत हा टर्की होता. बादशहानं आपल्या आठवणींत त्याचं वर्णन केलं आणि दरबारी चित्रकार मन्सूरकडून त्याचं चित्र काढवून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या संग्रहालयात आहे. म्हणजे अमेरिकेच्या या पक्ष्याचा मोगल दरबारात जाण्याचा रस्ता आपल्या शेजारून गेला होता.

आता त्या एका ओळीबद्दल.

आमचे बाबा उद्यमबागेतल्या एका कारखान्यात टर्नर होते. दिवसभर लोखंड कातायचे. घरी मागच्या पडवीत मात्र त्यांचा लाकडाचा छोटा लेथ होता. निवृत्तीनंतर त्यावर ते लाटणी, पाळण्याचे लोड, भोवरे करायचे. भोवऱ्याला कन्नडमध्ये बुगुरी म्हणतात. गल्लीतली मुलं दोन्ही नावांनी मागायची आणि बाबा दोघांना सारखेच भोवरे द्यायचे. दर शनिवारी ते मारुतीला तेल वाहून यायचे आणि उरलेल्या बाटलीतलं तेल नव्हे, पण वेगळ्या डब्यातलं तेल घेऊन लेथ पुसायचे. ‘मारुतीनंतर हा,’ असं म्हणायचे.

मे २०२१ मध्ये कोरोनानं बाबा गेले. तेव्हा विमानांवर निर्बंध होते. अण्णा आला असता तर परत जाता येईल की नाही याची खात्री नव्हती, आणि इथे येऊनही त्याला काही बघायला मिळालं नसतं. मलाच मिळालं नाही. त्यानं सगळं मोबाईलच्या पडद्यावर पाहिलं. पुढच्या वर्षी पडवी पाडून मुलासाठी खोली बांधायची ठरली, तेव्हा मी लेथ विकला. अण्णाला विचारलं नाही. त्याला दहा महिन्यांनी बोलता बोलता कळलं. तो एवढंच म्हणाला, “विकलास?” मी म्हणालो, “इथे राहून सगळं करणाऱ्याला विचार, जागा किती लागते ते.” वाक्य तोंडातून गेलं आणि ते परत घेता आलं नाही. त्यानंतर ती चित्रांची देवाणघेवाण सुरू झाली.

लेथ भंगारात घातला नव्हता, एवढंच माझ्या बाजूनं. शहापूरच्या एका बोळात खुर्च्या-टेबलांचे पाय आणि जिन्याचे कठडे कातणारे एक मेस्त्री आहेत, त्यांनी तो घेतला होता. एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या, तेव्हा ती डबी पिशवीत घालून मी त्यांच्याकडे गेलो. बाबांचा लेथ कोपऱ्यात होता. त्याच्यावर भुसा होता, पण गंज नव्हता.

मेस्त्रींनी डबी उलटीपालटी केली, कानाजवळ धरून टिचकी मारली आणि म्हणाले, “काम स्वच्छ आहे सर. कुणी केलं?” मी सांगितलं. मग म्हणालो, “मला अशी एक करायचीय. याच लेथवर. मला शिकवाल?” त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. खडू धरणारे हात ते. “उद्या पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून येऊ नका. गळ्यातली साखळी काढून या,” एवढंच म्हणाले.

मराठीत लाकूड कातणाऱ्याला कातारी म्हणतात. हा शब्द मी वर्गात शिकवला असेन, पण त्यामागचं काम मे महिन्याच्या सुट्टीत प्रथमच कळलं. ज्यांना हौस असेल त्यांच्यासाठी ते जरा तपशिलानं सांगतो.

पहिली गोष्ट लाकूड. चार इंच चौरस आणि इंचभर जाडीचा तुकडा पुरतो, पण तो पूर्ण वाळलेला हवा. मी आधी आंब्याचा घेतला. मेस्त्री म्हणाले, “हे मऊ आहे, आवाज गिळेल.” घट्ट लाकूड आवाज खणखणीत देतं, मऊ लाकूड तो दबका करतं. शेवटी त्यांनी एका जुन्या पलंगातला शिसवाचा तुकडा काढून दिला.

दुसरी गोष्ट, तो तुकडा लेथवर धरायचा कसा. डबीला स्क्रूची भोकं पडता कामा नयेत. म्हणून फेस प्लेटवर एक टाकाऊ लाकूड स्क्रूनं घट्ट करायचं आणि त्याच्यावर आपला तुकडा सरसानं चिकटवायचा. मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालायचा. काम झाल्यावर सांध्यात पटाशी घालून हलकेच ठोकलं की कागद मधोमध फाटतो आणि डबी मोकळी होते. एवढ्या फिरणाऱ्या लाकडाला एक कागद धरून ठेवतो, हे मला खरंच वाटेना. पण सरस रात्रभर वाळला की तो धरतो.

तिसरी गोष्ट कातणं. आधी बाहेरची कड गोल करायची, साडेतीन इंच व्यासाची. मग समोरून पोकळ करायचं. टूल रेस्ट कामाच्या अगदी जवळ हवा आणि सुरू करण्यापूर्वी एकदा हातानं फिरवून काही अडत नाही ना ते बघायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लेथ चालू असताना समोरच्या तोंडाचा आपल्या बाजूचा अर्धा भाग खाली येत असतो, पलीकडचा वर जात असतो. पटाशी नेहमी आपल्याच बाजूला लावायची. खाली येणारं लाकूड तिला रेस्टवर दाबून ठेवतं. पलीकडे गेली की लाकूड तिला उचलतं.

हे मेस्त्रींनी तीनदा सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी थोडा हात बसल्यासारखा वाटला आणि माझी पटाशी मध्यापलीकडे गेली. खाडकन आवाज झाला, हाताला झिणझिण्या आल्या आणि डबी कागदातून सुटून दारापर्यंत उडाली. डोळ्यांवर गॉगल होता आणि मी बाजूला उभा होतो म्हणून निभावलं. मेस्त्रींनी लेथ बंद केला. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “सावकाश माड्री सर.” ‘सावकाश’ हा एक शब्द असा आहे की बेळगावात तो मराठी आहे की कन्नड हे कुणी विचारत नाही. बाबाही हेच म्हणायचे, त्याच लेथसमोर. आम्ही भाऊ तेव्हा ऐकायचो नाही.

दुसरा तुकडा चिकटवला. या डबीच्या आत दोन पायऱ्या लागतात. मधोमध एक छोटा उंचवटा ठेवायचा, त्याच्यावर काचेची अडीच इंचांच्या आतबाहेरची गोल चकती बसते. तिच्यावर पाव इंचाच्या आसपास मोकळी जागा सोडून वरच्या कडेला पायरी कापायची, तिथे तीन इंचांची पाटी बसते. ही पायरी कॅलिपरनं पुन्हा पुन्हा मोजावी लागते. पाटी घट्ट बसली तर चिरते, सैल बसली तर सरसानं भरलेल्या फटीत आवाज मरतो. मी दोन दिवस फक्त ही पायरी कापत होतो. शेवटी पॉलिश पेपर जाडापासून बारकापर्यंत फिरवायचा, डबी मोकळी करायची आणि तळाला ड्रिलनं गोलाकार भोकं पाडायची, म्हणजे आतला आवाज बाहेर पडतो. काडीसाठी बाभळीचा तुकडा घेतला. ती काडी पातळ असल्यानं कातताना थरथरते. टेलस्टॉकचा आधार देऊनही माझ्या दोन मोडल्या.

आवाज का होतो, हे आमच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी समजावलं. काडीचं टोक पाटीला धरतं, ताण वाढला की सुटतं, पुन्हा धरतं, पुन्हा सुटतं. सेकंदाला शेकडो वेळा. व्हायोलिनच्या गजालाही याचसाठी राळ लावतात. म्हणून पाटी आधी पॉलिश पेपरनं एकाच दिशेनं घासून खरखरीत करायची आणि तिला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल लागलं की ती मुकी होते.

आता राहिली पाटी. हल्ली बाजारात पत्र्याच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या पाट्या मिळतात. मला दगडी हवी होती. माळ्यावर ट्रंकेत एक होती, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लाकडी चौकट, एक कोपरा उडालेला. चौकटीवर खिळ्यानं कोरलेलं अण्णाच्या नावाचं पहिलं अक्षर. तो तिसरीत गेल्यावर ती पाटी माझ्याकडे आली. मी त्या अक्षराशेजारी माझं अक्षर कोरायला गेलो, तेव्हा त्यानं मला मारलं होतं आणि नंतर त्यानंच कोरून दिलं होतं. दोन्ही अक्षरं अजून आहेत.

ती पाटी कापायची की नाही, यावर मी आठवडा काढला. एकदा न विचारता विकून झालं होतं, आता न विचारता कापायचं? बायकोला तेव्हा पहिल्यांदा ती चिठ्ठी दाखवली. तिनं वाचली आणि म्हणाली, “अहो, विचारायला फोन लागतो. तो तुमच्याकडे आहे ना?”

तरी मी फोन केला नाही. पण कापलीही नाही. मेस्त्रींना म्हणालो, दुसरी पाटी बघू. दोन दुकानं फिरलो, एका शाळेतल्या शिपायाला विचारलं, मिळाली नाही. मग जूनच्या पहिल्या पावसात अण्णानं पाठवलेली डबी मुलानं वाजवून बघितली, तर ती वाजेचना. मुलगा घाबरला, त्याला वाटलं आपण बिघडवली. ती बिघडली नव्हती. दगडावर ओल धरली होती, एवढंच. बेळगावच्या पावसात पापड टिकत नाहीत, तिथे ही काय टिकणार. मी ती पुसली, कोरड्या फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवली. दोन दिवसांनी पॉलिश पेपर फिरवला आणि ती पुन्हा वाजली.

त्या रात्री चिठ्ठी पुन्हा काढली. चार वर्षं मी थांबलो होतो की त्यानं यावं, तो थोरला आहे. तो थांबला असेल की मी बोलावं, चूक माझी आहे. त्या ओळीत मला टोमणा दिसला होता. पण टोमणा मारायला कुणी पंधरा दिवस गॅरेजमध्ये उभं राहून डबी कातत नाही.

रविवारी संध्याकाळी, म्हणजे त्याच्या सकाळी, फोन लावला. त्यानं उचलला. मी काही न बोलता त्याची डबी फोनजवळ धरली आणि काडी तीनदा ओढली.

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग तो म्हणाला, “काडी जास्त उभी धरलीस. पेन धरतो तशी तिरकी धर. आणि उचलायची नाही, छोटे गोल काढायचे.”

मी तसं केलं. बरा आवाज आला.

“अण्णा,” मी म्हणालो, “मी एक करतोय. बाबांच्या लेथवर. डबी झालीय, पाटी राहिलीय. ट्रंकेतली आपली पाटी आहे, ती कापू का?”

“चौकट ठेव,” तो म्हणाला. “दगड काप.”

“आणि लेथ विकताना तुला विचारायला हवं होतं. चुकलं माझं.”

तो लगेच काही बोलला नाही. मागे भांड्यांचा आवाज येत होता, वहिनी सकाळचं काहीतरी करत असावी. मग त्यानं विचारलं, “तो मेस्त्री तेल घालतो का?”

“घालतो.”

“कधी?”

मी हे मेस्त्रींना विचारलं नव्हतं. पण त्या दुकानात महिनाभर गेलो होतो आणि बघितलं होतं.

“शनिवारी,” मी म्हणालो.